झिपऱ्याचे केस आले का?

लाँड्रीवाल्या बाईंचा लौकिक एकाच गोष्टीसाठी होता. त्या खोटं बोलत नसत. डाग जाणार असेल तर "जाईल" म्हणायच्या, नसेल तर कपडा हातात न घेताच "हा आता कपड्याबरोबरच जाईल" म्हणून परत पाठवायच्या. गिऱ्हाइकाला वाईट वाटेल, ते दुसरं दुकान गाठेल, असले विचार त्यांच्या डोक्याला शिवत नसत. समोरच्या इमारतीतले वकीलसाहेब आपला काळा कोट त्यांच्याकडेच टाकत आणि म्हणत, "बाई, तुम्ही कधी साक्षीला उभ्या राहू नका. आमचा धंदा बसेल."

त्याच वकीलसाहेबांनी एका सकाळी कोट परत आणून काउंटरवर पसरला. धुतलेला, कडक इस्त्रीचा, पण कॉलरपासून खिशापर्यंत लांबच लांब सोनेरी केस. न्यायाधीशांनी म्हणे चष्मा पुसून पाहिलं. "ते एक वेळ चालेल," वकीलसाहेब म्हणाले, "पण घरी काय सांगू?" बाईंनी सबब सांगितली नाही. ओला हात फिरवून केस गोळा केले, कोट पुन्हा इस्त्रीला घेतला. केस झिपऱ्याचे होते, झिपऱ्या नवऱ्याचा होता, आणि नवरा गेला होता.

गेला म्हणजे वारला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या बाईकडे राहायला गेला. जाताना दाढीचं सामान नेलं, बूट नेले, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नेलं. कुत्रा तेवढा "नंतर नेतो" म्हणून ठेवला. थोरली बहीण धावत आली. मेल्याने केसाने गळा कापला, म्हणाली, आणि आणखी बरंच म्हणाली. मग धाकटीला जवळ घेऊन म्हणाली, एकदा रडून घे, मोकळी होशील. बाईंना रडू आलं नाही. रागही आला नाही. त्यांनी दुकान उघडलं, बॉयलर पेटवला, चादरी मोजून घेतल्या. शेजारीपाजारी म्हणत, बाई भारी खंबीर. बाईंना ठाऊक होतं की खंबीर वगैरे काही नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात, मग त्याही थांबतात आणि पाय आपला वाटेनासा होतो. त्यांचं सगळंच तसं झालं होतं.

झिपऱ्याला रोज सकाळी मागच्या पायरीवर बसवून विंचरणं हे नवऱ्याचं काम. दुसरं कुठलं काम तो इतक्या मनापासून करत नसे, हेही खरं. तो गेल्यावर ते बंद पडलं. बाईंनी कुत्र्याला खायला घातलं, पाणी ठेवलं, फिरवून आणलं, आणि त्यापलीकडे पाहिलं नाही. हवा तापायला लागली तसा झिपऱ्या गळू लागला. सोफ्यावर केस, उशीवर केस, चहात केस, आणि दाराच्या फटीतून पुढच्या दुकानातही केस. बाई सकाळ-संध्याकाळ झाडत. वरून झिपऱ्या झक्क दिसायचा. लांब, झुपकेदार अंग, फुलवलेली शेपटी. पण वरच्या लांब केसांखाली त्याच्या अंगावर मऊ लोकरीचा दुसरा थर होता, आणि सुटलेली लोकर बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तिथेच अडकत होती. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत गाठी बसत होत्या. हात आत घालून बघायला हवं होतं. बाईंनी घातला नाही.

मग दुकानाच्या फोनवर नवऱ्याचा फोन आला. रविवारी झिपऱ्याला न्यायला येतो, इकडे अंगण आहे, म्हणाला. बाई म्हणाल्या, बरं. थोरलीला कळवलं तेव्हा ती खूश झाली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणाली, तो केसाळ बोजाही जाऊ दे आणि तू कपाळाला हात लावणं सोड. बाईंनी कपाळाला हात कधीच लावला नव्हता, पण थोरलीशी वाद कोण घालणार.

एक गोष्ट मात्र बाईंच्या हाडीमाशी खिळली होती. आपल्या दारातून बाहेर पडणारी वस्तू धुतलेलीच असली पाहिजे. मग तो कोट असो, पडदा असो नाहीतर नवऱ्याचा कुत्रा. शनिवारी त्यांनी झिपऱ्याला मागच्या मोरीत घेतलं. आधी भिजवायचं, म्हणजे मळ सुटतो, हा धंद्याचा पहिला धडा. चांगलं गरम पाणी, भरपूर साबण, आणि जाड पडदा चोळावा तसा दोन्ही हातांनी चोळला. मग उन्हात बसवला. झिपऱ्याने तक्रार केली नाही. सुकल्यावर बाईंनी फणी घेतली आणि ती कानामागे दोन बोटंही आत जाईना.

सगळ्या गाठी आवळून बसल्या होत्या. काखेत तर चटईचा तुकडा शिवल्यासारखं झालं होतं, आणि पाय पुढे टाकला की कातडी ओढली जात होती. बाई मोरीच्या कडेला बसल्या आणि बघत राहिल्या. लोकर गरम पाण्यात घालून चोळू नका, आटेल, हे त्यांनी उभ्या जन्मात किती गिऱ्हाइकांना बजावलं असेल. दुकानात तशी पाटीसुद्धा होती. आणि हा बिचारा अंगावर लोकर घालूनच जन्माला आला होता.

कुत्र्यांचे केस कापणारी बाई दोन गल्ल्या सोडून बसायची. तिने हात आत घातला आणि लगेच काढला. आधी विंचरायचं, मग पाणी, म्हणाली, गाठीला पाणी लागलं की ती गाठ राहत नाही, दगड होते. आता मशीन लावण्यावाचून इलाज नाही. पोट, काखा, मांड्या, पाठीचा बराच भाग. बाईंनी विचारलं, पुन्हा येतील का? "येतात बहुतेक," ती म्हणाली. "काहींचे पहिल्यासारखे येत नाहीत. काहींचे येतच नाहीत. वरचा केस फार हळू वाढतो." पट्ट्याच्या पट्ट्या खाली पडल्या, आणि टेबलावरून जो उतरला तो अर्ध्या मापाचा, गुलाबी कातडीचा, डोकं आणि शेपूट तेवढी झुपकेदार राहिलेला कुणी परकाच प्राणी होता. घरी आल्यावर तो टेबलाखाली गेला आणि रात्रीपर्यंत बाहेर आला नाही.

रविवारी नवरा आला. नवा शर्ट होता, कॉलर नीट बसली नव्हती, ते बाईंना आधी दिसलं. झिपऱ्याला पाहून तो दारातच थांबला. हे काय करून ठेवलंस, म्हणाला. बाईंनी जे झालं ते सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. तो कुत्र्याभोवती फिरला. झिपऱ्या शेपूट हलवत त्याच्या पायात घोटाळत होता, आणि तो पाय मागे घेत होता.

"असा नाही नेता येणार," तो शेवटी म्हणाला. "तिकडे मी फोटो दाखवलाय. केस आले की नेतो."

"बरं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी त्या फणी घेऊन मागच्या पायरीवर बसल्या. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. काम बिघडलं होतं आणि बिघडलेलं काम तसंच ठेवायची त्यांना सवय नव्हती. केस कापणाऱ्या बाईने दाखवल्याप्रमाणे त्या केसांत भांग पाडत, कातडी दिसेपर्यंत, आणि तिथून बाहेरच्या बाजूला विंचरत. एक ओळ झाली की शेजारची. वरवर फणी फिरवली की बघणाऱ्याचं समाधान होतं, कुत्र्याचं नाही. खुंट आले, मग मऊ लोकर आली, आणि पावसाळा सरून हवा कोरडी झाली तसे वरचे लांब केसही डोकावू लागले. गळणं काही थांबलं नाही, ते थांबत नसतंच. पण जो केस गळायचा तो फणीत यायचा, वकीलसाहेबांच्या कोटावर जायचा नाही.

या सगळ्यात एका सकाळी झिपऱ्याने काखेची पाळी आली तशी न सांगता पुढचा पाय उचलून बाईंच्या गुडघ्यावर ठेवला. "शहाणा झालास," बाई म्हणाल्या, आणि आपला आवाज ऐकून चमकल्या. त्या बऱ्याच दिवसांपासून त्याच्याशी बोलत होत्या, असं त्यांच्या ध्यानात आलं. गिऱ्हाइकं, थोरली, बॉयलरचं कुरकुरणं, सगळं त्याला सांगून झालं होतं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. केस बोटांवरून ओघळले, दाट, लांब, पहिल्यासारखे. बाईंचा हात तिथेच थांबला. इतक्या महिन्यांनी त्यांना पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती. त्या स्वतःच्या हातांनी कुत्रा नवऱ्यासाठी तयार करत होत्या.

थोरलीकडे तोड तयार होती. विंचरू नकोस, म्हणाली, होऊ देत पुन्हा जटा, तो ढुंकून बघणार नाही. बाईंनी एक सकाळ तसं करून पाहिलं. झिपऱ्या पायरीवर जाऊन बसला, वाट पाहत राहिला, मग आपणच पुढचा पाय उचलून हवेत धरला. बाईंनी फणी आणली. त्याची कातडी ओढली जायची, तो लंगडायचा, ते त्यांनी पाहिलं होतं. ते पुन्हा मुद्दाम करणं त्यांना जमणारं नव्हतं.

फोन आला तेव्हा वकीलसाहेब कोट न्यायला काउंटरपाशी उभे होते. झिपऱ्या दारात उन्हात पसरला होता, जाणारे-येणारे त्याला वळसा घालून जात होते, आणि एक लहान मुलगी आईचा हात सोडून त्याच्या शेपटीला हात लावायला थांबली होती.

"केस आले का?" नवऱ्याने विचारलं. "आले असतील तर या रविवारी येतो."

बाईंनी दाराकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही आले."

"अजून?"

"काहींचे येतच नाहीत म्हणे. तुम्ही दुसरा बघा."

मग तो म्हणाला, ठीक आहे, बघतो. बाईंनी फोन ठेवला, पण तो जागेवर बसेना, दोनदा ठेवावा लागला. वकीलसाहेबांनी दारातल्या झिपऱ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, कोट घडी करून हातावर घेतला.

"मी काही ऐकलं नाही, बाई," ते म्हणाले आणि झिपऱ्याला वळसा घालून गेले.

बाई मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. झिपऱ्या उठून मागोमाग आला आणि सकाळचं विंचरून झालेलं असूनही पुढचा पाय त्यांच्या गुडघ्यावर ठेवून बसला. तेव्हा त्यांना रडू आलं. नवरा गेल्याचं, घड्याळाची भिंत रिकामी असल्याचं, बिचाऱ्याला गरम पाण्यात घातल्याचं, सगळं एकदमच आलं. त्यांनी तोंड त्याच्या मानेत खुपसलं. ओल्या गालांना केस चिकटले, ओठांत गेले, त्यांनी काढले नाहीत. बाहेर कुणीतरी काउंटर वाजवत होतं. बाईंनी त्याला वाजवू दिलं.