सुनेच्या हातचा माल

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. पोह्यांची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "सोल्डरिंग येतं ना?"

मी आयटीआयमधून रेडिओचा कोर्स केला होता. माझ्या वडिलांना वाटलं, शिक्षणाची कदर असलेलं घर मिळालं. मलाही तसंच वाटलं. बोटांवरचे भाजल्याचे डाग मी पदराआड धरून बसले होते, ते निर्धास्तपणे बाहेर काढले.

नवऱ्याचं नाशिकरोडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. धाकटे दीर तिथेच लुडबूड करायचे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. ज्यांच्या घरी वीज आली होती, त्यांना ट्रान्झिस्टरमध्ये सारखे सेल घालणं नकोसं झालं होतं. सेलऐवजी विजेवर रेडिओ चालवणारी एक छोटी पेटी मिळायची, बॅटरी एलिमिनेटर. ती आपण बनवायची, ही कल्पना सासऱ्यांची. बनवायचं काम माझं.

पेटीत एक ट्रान्सफॉर्मर, एक कपॅसिटर आणि चार डायोड. डायोड म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा काळा तुकडा, दोन्ही टोकांना तार. त्यातून वीज एकाच दिशेने जाते. दिशा कळावी म्हणून एका टोकाला चंदेरी पट्टी असते. ती पट्टी बघायची, बोर्डावरच्या खुणेशी जुळवायची, मगच डाग द्यायचा. एक जरी उलटा बसला तरी ट्रान्सफॉर्मर तापून जळायचा. दुपारची जेवणं, भांडी आटोपली की मी माजघरात पाट मांडून बसायची. धूर निघायचा. सासूबाई पडल्या पडल्या म्हणायच्या, "देवांकडे धूर येतोय गं, खिडकी उघड."

माझ्या हातची पेटी कधी परत आली नाही. मनमाडचे एक दुकानदार नेमाने माल न्यायला लागले. वणीच्या दुकानांतही जायला लागला. मग सासऱ्यांनी सातपूरला शेड घेतली.

पूजेच्या दिवशी मी पेढ्यांचं ताट फिरवत होते. नवीन बाकावर माझाच मीटर, माझीच सोल्डरिंग आयर्न मांडलेली होती. मी सासऱ्यांना हळूच विचारलं, "मामंजी, मी सकाळचं आवरून येत जाऊ ना रोज?"

"शेडवर?" ते म्हणाले. "अगं, तो कारखाना आहे. कामगार येणार, ट्रकवाले येणार. घरच्या सुनेनं तिथे बसायचं?"

बाकावर दीर बसले. त्यांना शिकवायचं काम मात्र माझ्याकडे आलं. ते रात्री जेवताना विचारायचे, मी पोळ्या लाटता लाटता सांगायची.

पुढे त्यांनी मुंबईहून स्वस्तातले डायोड आणले, पट्टी पुसलेले. असे डायोड मीटरवर तपासून त्यांची टोकं ओळखावी लागतात. आमच्या काट्याच्या मीटरची एक गोम होती. रेझिस्टन्स मोजायला लावला की त्याची काळी वायर प्लस व्हायची आणि लाल मायनस. ते मी दिरांना सांगितलं.

"वहिनी, लाल म्हणजे प्लस. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल," ते हसून म्हणाले.

"या मीटरचं तसं नाही, भाऊजी. पट्टी असलेला एक डायोड आधी लावून बघा."

"बघतो, बघतो. भाजी वाढा."

त्यांनी बघितलं नाही. पिशवीतल्या प्रत्येक डायोडवर पट्टीच्या जागी पांढरा ठिपका दिला, आणि तो उलट्या टोकाला. एकच डायोड उलटा असता तर पेटी तिथेच जळली असती आणि चूक कळली असती. चारही उलटे बसले, त्यामुळे पेटी चालली. फक्त प्लसच्या जागी मायनस आला. दीर तपासणीला टॉर्चचा बल्ब लावायचे. बल्बला प्लस-मायनस कळत नाही, तो दोन्हीकडून लागतो. माल मनमाडला गेला.

खोकीच्या खोकी परत आली. उलट्या विजेने कपॅसिटर फुगलेले, काही फुटलेले, आणि गिऱ्हाइकांचे रेडिओ मुके झालेले. ह्यांनी शेडवरच्या मीटर-आयर्नसकट खोकी माजघरात आणून ठेवली.

"तेवढं बघ ना," हे म्हणाले. "तुझ्याच्यानं होईल."

मी मीटर लावला, तर काटा डावीकडे जाऊन आपटला. दीर शेजारीच उभे होते. डायोड उपसत बसायची गरज नव्हती. चारही एकाच दिशेने बसले होते, तेव्हा नवा कपॅसिटर उलटा बसवायचा आणि बाहेरच्या दोन वायरींची अदलाबदल करायची, एवढंच. पण पेट्या खूप होत्या. ताप अंगावर काढून मी तो सगळा लॉट नीट केला.

मग मनमाडचे दुकानदार स्वतः घरी आले. रागावलेले होते. मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा सासरे त्यांना सांगत होते, "शेठ, तो लॉट शेडवरचा नव्हताच. घरचा होता, सुनेच्या हातचा. तिला हौस, आम्ही मोडली नाही. आता शेडवर सगळं पुरुषमाणसं करतात. काळजी सोडा."

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, समजुतीने. "होतं असं," ते म्हणाले. "बाईमाणसाचं अर्धं लक्ष चुलीकडे."

ट्रे माझ्या हातात होता. दीर खिडकीबाहेर बघत होते. ह्यांनी ट्रेमधला कप उचलला आणि चहा प्यायला सुरुवात केली.

ते गेल्यावर मी ह्यांना आत बोलावलं. "अहो, तुम्ही गप्प का बसलात?"

"बाबांना धंदा सांभाळायचा होता. भाऊचं नाव घेतलं असतं तर शेडचं नाव गेलं असतं."

"आणि माझं?"

ह्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "तुझं बाहेर नाव आहे कुठे, जायला?"

वाईट मनाने म्हणाले नाहीत. त्यांना तो हिशेब बरोबर वाटत होता, आणि म्हणूनच मी तो आजवर विसरू शकले नाही.

त्यानंतर मी घरी डाग दिला नाही. कुणी आग्रहही केला नाही. पुढच्या दसऱ्याला शेडवर पूजेला गेले, तर बाकावर ओळीने मुली बसलेल्या. सासरे एका पाहुण्याला कौतुकाने सांगत होते, "मुलींची बोटं बारीक, नजर बारीक. पगारही कमी, आणि कटकट नाही." मी एका मुलीच्या बोर्डाकडे वाकून पाहायला लागले. तिने झटकन आयर्न बाजूला घेतली.

"काकू, सांभाळून हं, गरम असतं ते."



नंतर एका संस्थेत शिकवण्याची जागा निघाली. अनुभवाचा दाखला हवा होता. मी ह्यांच्याकडे मागितला. "बाबांना विचारतो," म्हणाले. सासरे जेवायला बसले असताना हसले. "घरच्या बाईला घरानंच दाखला द्यायचा? उद्या स्वयंपाकाचाही मागशील." सगळे हसले, सासूबाईसुद्धा. मी दाखल्याशिवाय अर्ज केला. तो परत आला.

आता सासरे नाहीत. शेड दुसऱ्याला विकली, तिथे प्लॅस्टिकच्या बादल्या होतात. लग्नाकार्यात कुणी जुना विषय काढला की दीर सांगतात, "सुरुवात घरातूनच झाली. बाबा, दादा आणि मी, माजघरात बसून करायचो." ऐकणारे दुजोऱ्यासाठी माझ्याकडे बघतात. मी पाण्याचा तांब्या उचलते आणि आत निघून जाते.