सोवळ्यातला फोन

बाबांची बोटं आखडली, म्हणून मी त्यांना नवा फोन घेऊन दिला. आपण बोलायचं, त्याने लिहायचं आणि वर भाषाही नीटनेटकी करून द्यायची. गुरुग्रामच्या आमच्या ऑफिसात सगळे असंच लिहितात. सगळ्यांच्या मेल एकाच माणसाने लिहिल्यासारख्या वाटतात आणि तो माणूस कधी कुणावर चिडत नाही. तरी मी कौतुकाने फोन आणला.

बाबा फौजेतले. त्यांच्याच पलटणीतले एक काका निवृत्तीनंतर दिल्लीतच राहिले. या दोघांनी एकमेकांना कधी एक सभ्य वाक्य ऐकवल्याचं मला आठवत नाही. दिवाळीचा फोनसुद्धा "अजून जिवंत आहेस?" इथूनच सुरू व्हायचा. पलटणीत असताना कुणाच्या घरी वाईट बातमी द्यायची असली, की हे दोघं जायचे. गोड बोलणं त्यांनी तेवढ्यापुरतंच राखून ठेवलं होतं.

मागच्या हिवाळ्यात काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भेटायला बंदी होती आणि डॉक्टरांनी बोलायलाही मनाई केली होती. फोन मात्र उशाशी होता.

"त्याला धीर द्यायला हवा," असं म्हणून बाबा सोफ्यावर ताठ बसले आणि फोनला सांगू लागले, "हलकटा, सरकारी खाट किती दिवस अडवणार? तुझ्या तेराव्याची बुंदी खायला मी उपाशी बसलोय. उद्या टेबलावर मेलास तर तंगडं तोडीन."

फोनने साफ नकार दिला. मजकुरात धमकी आणि अपमान आढळला म्हणे. बाबांनी 'हलकट' गाळला. मग मृत्यूचा उल्लेख नडला. शिवाय आपण मानसिक तणावात आहात का, अशी चौकशीही झाली.

"हा कोण लागून गेला मला विचारणारा?"

"बाबा, सेफ्टी असते ती."

"अच्छा. मग बुंदी काढतो, तंगडं राहू दे."

तंगडंही चाललं नाही. शेवटी फोनने स्वतःच एक मजकूर सुचवला. बाबांनी वैतागून, चष्मा न लावताच, खालचं मोठं निळं बटण दाबलं. मजकूर गेला, मग मी तो वाचला.

'आदरणीय मित्रा, या कठीण प्रसंगी माझ्या संवेदना आपल्यासोबत आहेत. आपल्याला शांती लाभो.'

मी मोठ्याने वाचलं आणि बाबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरांची मनाई मोडून काका बोलत होते, आवाज अगदी खोल गेलेला.

"खरं सांग. डॉक्टर तुला काय म्हणाले?"

"काही नाही रे! ते मी लिहिलंच नाही, फोनने लिहिलं."

"फोन लिहितो होय," काका शांतपणे म्हणाले. "बरं. माझ्या पोरांकडे लक्ष ठेव."

मला धडकीच भरली. हा माणूस उद्या हार मानून टेबलावर झोपणार होता, आणि तो फोन मी आणलेला. बाबा उठून बाल्कनीत गेले आणि त्यांनी तोंड सोडलं. पलटणीतलं सगळं बाहेर आलं. समोरच्या टॉवरमधल्या आंटींनी खिडकी लावून घेतली, खाली गार्ड मान वर करून बघत राहिला.

"हां," पलीकडून काका म्हणाले. "चल, ठेव आता." त्यांना पटलं की नाही, ते काही कळलं नाही.

ऑपरेशन झालं. काकांचा मुलगा रोज 'स्टेबल आहेत' एवढंच कळवायचा. त्यावर बाबांचा काडीचा विश्वास नव्हता. जेवणाचं ताट ते तसंच सरकवायचे.

मग एका सकाळी चहाच्या वेळी त्यांचा फोन किणकिणला. काकांचा स्वतःचा मेसेज होता. पडद्यावर नुसता करडा चौकोन आणि खाली ओळ: 'हा संदेश अत्यंत आक्षेपार्ह असल्याने तुमच्या सुरक्षिततेसाठी झाकला आहे.'

बाबांनी ती ओळ मला वाचून दाखवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"उघडून देऊ?" मी विचारलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "गडी ठणठणीत आहे."