पाठीवरचं आडनाव

मला एका जागी बसवत नाही. चहासुद्धा मी ओट्याशी उभ्यानेच पिते. त्यात मुलीने फोनवर सांगितलं, "आई, मी वेगळी राहायला लागलेय," तेव्हापासून तर माझ्या पायाला भिंगरीच लागली. ती जर्मनीत असते, लग्नाला सहा वर्षं झाली होती. आम्ही दोघं इथे खरवईला, बदलापूरच्या टोकाला, नव्या इमारतीत. ही गोष्ट मी कुणालाही कळू दिली नाही. खाली बाकावर कुणी "जावईबापू काय म्हणतात?" असं विचारलं, की "मजेत" म्हणून मी लिफ्ट गाठायचे.

तीनेक महिन्यांनी तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा वाटला. तिथल्या मराठी मंडळाला टेनिसची स्पर्धा भरवायची होती आणि बारा स्वयंसेवकांची ही म्होरकी. कोर्ट मिळवायचं, ड्रॉ काढायचा, पोहे कुणी करायचे, लहान मुलांना कुणी सांभाळायचं, सगळं हिच्या डोक्यावर. टेनिस तिला यांनी शिकवलेलं. हे अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होते. वसाहतीतल्या लाल मातीच्या कोर्टावर रविवारी सकाळी तिला स्कूटरवर पुढे उभी करून न्यायचे. "बाबा, इथलं कोर्टपण लाल मातीचंच आहे," ती म्हणाली, तेव्हा हे कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

माझ्याकडे काम आलं टीशर्टांचं. बारा टीशर्ट उल्हासनगरात छापून घ्यायचे, प्रत्येकाच्या पाठीवर नाव आणि आडनाव. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सुनेच्या बाळंतपणासाठी नेमक्या मुलीच्याच जर्मनीतल्या गावी निघाल्या होत्या. त्यांच्या बॅगेतून टीशर्ट जाणार होते. वहिनी मनाच्या चांगल्या, पण त्यांना सकाळी कळलेलं संध्याकाळपर्यंत साऱ्या इमारतीला कळतं.

छापणारे सिंधी गृहस्थ जुन्या ओळखीचे. त्यांच्या काउंटरवर उभी राहून मी मोबाइलमधली यादी पहिल्यांदा नीट वाचली. पहिलंच नाव मुलीचं, आणि पुढे आमचं आडनाव. माहेरचं. तिने ते विचार करूनच लिहिलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. तरी डोळ्यांपुढे आल्या त्या वहिनी, टीशर्टची घडी मोडून पाठ वाचणाऱ्या.

"यातलं पहिलं सरनेम बदलायचंय," मी म्हटलं आणि सासरचं आडनाव कागदावर लिहून दिलं.

"भाभी, लिस्टमध्ये तर दुसरंच आहे. बेटीला विचारून घ्या ना. एकदा प्रेस मारला की निकलेगा नहीं, हां."

"मला माहितीय काय ते," मी उगाचच त्यांच्यावर खेकसले.

घरी येईपर्यंत रिक्षात मी स्वतःशी भांडत होते. तिच्या भल्यासाठीच केलं, कदाचित दोघांचं जुळेलही, चारचौघांत कशाला तमाशा. टीशर्ट छापून घरी आले, तेव्हा यांनी तिचा उलटा करून वाचला. "तिने असं लिहून पाठवलं?"

"हो," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

वहिनींनी बॅग भरताना अपेक्षेप्रमाणे घडी मोडलीच. "अय्या, किती छान! जावईबापूपण खेळणार असतील ना?" मी म्हटलं, बघू, त्यांना काम फार असतं.

वहिनी गेल्या आणि माझी झोप उडाली. दोनदा मेसेज लिहिला, दोनदा खोडला. कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली. शेवटी तिचाच फोन आला.

"टीशर्ट मिळाले, आई."

"आवडले?"

"कापड चांगलं आहे."

एवढंच. मग ती पावसाचा अंदाज आणि चेंडूंचे डबे यांबद्दल बोलत राहिली. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. चिडायचं तिने सोडून दिलं होतं, याचीच मला भीती वाटली.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी फोटो आले. स्वयंसेवक ओळीने पाठमोरे उभे, अकरा पाठींवर नाव आणि आडनाव. माझ्या मुलीच्या पाठीवर नुसतं नाव, आणि खाली आडनावावर आडवी चिकटवलेली पांढरी पट्टी. घोटा मुरगळला की बांधतात तसली. यांनी बोटांनी फोटो मोठा केला. मग मला सगळं सांगावंच लागलं. हे ओरडले नाहीत. फोन टेबलावर ठेवून म्हणाले, "तिने आपल्याकडे आपलं आडनाव मागितलं होतं गं. तेवढंही आपण दिलं नाही."

मी बाल्कनीत गेले, आत आले, पुन्हा गेले. तेवढ्यात वहिनींचा व्हिडिओ कॉल. त्या तिकडे कोर्टावर पोहे वाढत होत्या. "अहो, तुमच्या लेकीच्या पाठीवर पट्टी कसली? डाग पडला का?"

डाग म्हटलं असतं तर भागलं असतं. वहिनींनी मला उत्तरही आयतंच दिलं होतं.

"डाग नाही, वहिनी," मी म्हटलं. "आडनाव मी चुकीचं छापून घेतलं. ती आता वेगळी राहते. तिला आमचं आडनाव हवं होतं."

वहिनींच्या हातातला डाव तसाच थांबला. बोलून झाल्यावर मी खुर्चीत बसले. बऱ्याच दिवसांनी नीट टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच उल्हासनगरात जाऊन उभी राहिले. गृहस्थ शटर वर करत म्हणाले, "भाभी, एका पीससाठी एवढ्या लांब?"

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "तिने लिहिलंय तसंच छापा."