उजव्या अंगठ्याची गाठ

गल्लीत कुजबुज अशी होती, की काकूंकडे बुधवारी दुपारी तरुण पुरुष येतात. एक नव्हे, दोन. जुळे भाऊ, एक वाळलेला आणि एक गुटगुटीत, आणि दोघांत मिळून कोट एकच. ज्याची पाळी त्याच्या अंगात. काकू बावन्न वर्षांच्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, तेव्हा ही बातमी लोकांच्या गळी उतरायला वेळ लागला नाही.

बातमीची टांकसाळ समोरच्या खिडकीत होती. तिथे काकूंच्या नणंदबाई राहायच्या. गल्ली त्यांना दुर्बीण म्हणायची, तेही त्यांच्या पाठीमागे, आणि त्यांच्या पाठीमागे जागा मिळणंच कठीण, कारण पाठ त्या भिंतीला लावून बसत.

काकू शिवणकामाला होत्या. त्यांच्या कारखान्यात पूर्वी नुसते रेनकोट होत. मग सरकारी काम आलं आणि वरच्या मजल्यावर सोळा बायका चंद्रावर जाणाऱ्या तिघांचे पोशाख शिवायला बसल्या. काकूंकडे हातमोजे. एका मोज्यात कापडाचे नऊ थर, एकेका बोटाला अख्खा दिवस. एकोणीस वर्षांत त्यांचा एकही नग परत आला नव्हता, आणि ही गोष्ट त्या रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. पुढच्या महिन्यात त्या टेबलप्रमुख व्हायच्या होत्या. कागद तयार होता, सही तेवढी राहिली होती.

भिंतीवर नियमांचा तक्ता होता. टाचण्या बंद. अंगठ्या बंद. तिसऱ्या नियमाला बायका पोट धरून हसल्या होत्या: दोरा तोंडात घालू नये. जन्मभर दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे पापणी न मिटता बस म्हणण्यासारखं. पण कारण खरं होतं. तो दोरा ओला झाला की फुगायचा. गाठ तेव्हा घट्ट दिसायची आणि चार दिवसांनी वाळली की सैल पडायची. म्हणून प्रत्येकीला मेणाचा तुकडा दिलेला. टोक मेणावर ओढायचं आणि ओवायचं. सोळाजणींनी तक्त्याखाली सह्या ठोकल्या.

उड्डाणाला तीन आठवडे उरले होते. मोजे तपासून डबाबंद झाले होते. बुधवार म्हणजे काकूंच्या सुट्टीचा वार. त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, दातांत चिमटा. तेवढ्यात कोळशाच्या खोलीचं दार आतून उघडलं आणि एक वाळलेला तरुण बाहेर आला.

"घाबरू नका," तो म्हणाला.

काकूंनी चिमटा तोंडातून काढला. "मी कुठे घाबरलेय? चोरी करायला आला असशील तर आधीच सांगते, कोळसा ओला आहे. आणि नाक पूस."

"मी पुढून आलोय."

"पुढचं दार तर बंद आहे."

"पुढच्या काळातून, काकू. अजून पन्नास वर्षांनी जो काळ येईल ना, तिथून."

काकूंनी त्याला नीट न्याहाळलं. डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय, पण पोरगं चांगल्या घरचं वाटतं, असा हिशेब करून त्यांनी त्याला पुढच्या खोलीत बसवलं आणि चहा टाकला. समोरच्या खिडकीत पडदा हलला.

चहा तसाच ठेवून तो बोलत राहिला. चंद्रावर तिघे उतरणार होते, त्यातला धाकटा म्हणजे त्याचे आजोबा. तिघे गेले, दोघे परत आले. तिसऱ्या दिवशी दगड उचलताना आजोबांचा उजवा मोजा अंगठ्यापाशी उसवला. त्याची आई तेव्हा चार वर्षांची होती.

"आजोबा अजून वरच आहेत," तो म्हणाला. "चाळीस वर्षांनी आमची माणसं तिथे पुन्हा गेली, तेव्हा मोजा तपासला. आतल्या बाजूची शेवटची गाठ सुटली होती. दोऱ्यावर लाळ वाळलेली होती."

काकूंनी कप बशीत ठेवला. ती संध्याकाळ त्यांना लख्ख आठवत होती. सुटायला दहा मिनिटं होती, मेण टेबलाखाली घरंगळलं होतं, आणि वाकायचं तर कंबर धरली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. ही गोष्ट जगात एका काकूंनाच माहीत होती. दुर्बिणीची नजरसुद्धा तिथवर पोचत नव्हती.

"मग तूच जाऊन सांग की त्यांना."

"मला वेडा म्हणून हाकलतील. तुम्ही सांगितलंत तर डबा उघडतील."

काकूंनी त्याच्या कोटाकडे बोट दाखवलं. "तुझ्या कोटाचं बटण लोंबतंय."

"संग्रहालयातून मागून आणलाय. आमच्याकडे बटणं नसतात." तो उठला. "मला आता थांबता येत नाही. काकू, सांगाल ना?"

उत्तराची वाट न बघता तो मागच्या अंगणात गेला आणि कोळशाच्या खोलीत शिरला. काकूंनी मागोमाग जाऊन दार उघडलं, तर आत कोळसाच.

दुर्बिणीने त्या दिवशी जेवणसुद्धा खिडकीत घेतलं. आत बसलेला माणूस बाहेर आलाच नाही, तेव्हा दिवेलागणीला ती स्वतःच येऊन थडकली.

"वहिनी, पाहुणे राहणार आहेत वाटतं?"

"गेले ते, वन्सं."

"कुठून? मी तर दारावरच नजर ठेवून होते."

"मोज्यांची चौकशी करायला आला होता."

"हो का. आमच्याकडे नाही कुणी येत मोज्यांची चौकशी करायला."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या जिन्यात काकू दोनदा थांबल्या. गाठ टिकेलही. पोरगं वेडंही असेल. कागद पुढच्या महिन्यात निघणार. पण चार वर्षांची एक मुलगी डोळ्यांपुढून हलेना. काकू वर गेल्या आणि तपासनिसांपुढे उभ्या राहिल्या. हा गृहस्थ गळ्यात भिंग अडकवूनच जन्मला असावा असं बायका म्हणत.

"साहेब, धाकट्याचा उजवा मोजा. अंगठ्याची शेवटची गाठ मी दोरा तोंडात घालून मारलीय."

तपासनिसांनी भिंग खाली ठेवलं. "कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

"मग आज का सांगताय?"

"आज आठवलं."

"काकू, तुमचा कागद माझ्याच टेबलावर आहे. आणि हे मला लिहून वर पाठवावं लागेल."

"पाठवा. फक्त नाव बरोबर लिहा, दुसरीच्या माथी नको बसायला."

डबा उघडला. भिंगाखाली गाठ केसभर सरकलेली दिसली. तपासनिसांनी मेणाचा तुकडा काकूंपुढे सरकवला. "तुम्हीच मारा. तुमच्यासारखी गाठ इथे दुसऱ्या कुणाला जमत नाही."

तिसऱ्या खेपेला दोरा ओवला गेला. गाठ मारून झाली आणि पुढच्या सोमवारी काकूंची रवानगी खालच्या मजल्यावर, रेनकोटांकडे झाली. प्रमुखपद गेलं, एकोणीस वर्षांची टिमकी फुटली. पण घरी येताना त्यांना राग कुणाचाच आला नाही. आपल्या हातून माणूस जाणार होता, आणि कुणीतरी एवढ्या लांबून येऊन आधी सांगितलं, हे उपकारच, असं त्यांच्या मनात येत राहिलं. कोळशाच्या खोलीला त्यांनी येताजाता हात जोडले.

चंद्रावर माणसं उतरली तेव्हा कारखान्याच्या उपाहारगृहात एका टीव्हीपुढे दोनशे माणसं दाटली होती. सगळे पाय बघत होते. काकू अंगठा बघत होत्या. तिसऱ्या दिवशी धाकट्याने दगड उचलला, तसाच खाली ठेवला, आणि दुसरा उचलला. तिघे सुखरूप पृथ्वीवर परतले त्या दिवशी काकूंनी चार बाह्या उलट्या जोडल्या आणि आनंदाने उसवल्या.

पुढच्याच बुधवारी कोळशाच्या खोलीचं दार पुन्हा उघडलं. चेहरा तोच, कोट तोच, पण गाल भरलेले, आणि कोट पोटावर लागेना.

"तुम्हीच का त्या काकू?" त्याने विचारलं.

काकूंनी ओळखलं, हा पहिल्यांदाच येतोय. त्याला मागची भेट ठाऊकच नव्हती. त्याच्या आयुष्यात ती घडायचं कारणच उरलं नव्हतं.

"आजोबांनी पाठवलंय. तपासनिसांनी त्यांना पुढे सगळं सांगितलं होतं. ते म्हणायचे, काळात मागे जायची सोय झाली की आधी त्या बाईंकडे जा आणि आभार मान. मी त्यांच्या उजव्या अंगठ्याला धरून चालायला शिकलो, काकू."

डोळ्यांना पदर लावण्याऐवजी काकूंनी त्याच्याच कोटाची बाही पुढे ओढली. "बटण लोंबतंय. काढ तो." दोऱ्याचं टोक त्यांनी सरळ तोंडात घातलं. "घरी चालतं," त्या म्हणाल्या.

"पण तुम्हाला ते आठवलं कसं?"

"एकाने आठवण करून दिली."

"कुणी?"

"होता एक. तुझ्याच तोंडवळ्याचा. पोटभर खात नसावा." त्यांनी दोरा तोडला. "त्याला सांगायचं राहूनच गेलं बघ. तुलाच सांगते. बरं झालं आलास."

या वेळी त्याने चहा दोन कप घेतला. समोर पडदा हलला आणि जुळ्या भावांचा जन्म झाला.

खरं असं, की तरुण एकच होता. तो दोनदा आला. पहिल्यांदा विनवायला, दुसऱ्यांदा आभार मानायला.