पैशाला अंग देणाऱ्या शरयूताई

शरयूताई निमगावकरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. गंगापूर रोडवरच्या एका जुन्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, त्यांच्या संस्थेच्या दोन खोल्या होत्या. मी मनमाडहून मुलाखतीला आलो होतो. अंगात नवा शर्ट, काखेत लॅपटॉप आणि चेहऱ्यावर सगळं येत असल्याचा भाव. खिडकीशी एक पांढऱ्या केसांच्या बाई बटणांचा फोन हातात धरून, डोळे मिटून, अंगठ्याने एकेक बटण चाचपत बसल्या होत्या. मला वाटलं, डुलकी लागली असावी. मी हळूच खाकरलो. "बसा," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "आणि तुम्हीही मिटा." मी मिटले. माझ्या हातात तसाच एक फोन आला. "आता ह्यावरून मला पैसे पाठवून दाखवा."

जमलं नाही, हे सांगायला नकोच. नोकरी मात्र मिळाली. पुढे केव्हातरी मी त्यांना कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही चोरून डोळे उघडले नाहीत म्हणून." आता त्यांचेही डोळे मिटलेले असताना हे त्यांना कसं कळलं, ते कोडं मला अजून सुटलेलं नाही.

ताईंच्या अमृतमहोत्सवाच्या ह्या ग्रंथात त्यांच्या कार्याविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली घडलेला एक साधा माणूस. मला जे दिसलं तेवढंच सांगतो.

ताईंची उमेदीची वर्षं टेलिफोनच्या खात्यात गेली. ट्रंक कॉल लावून देणाऱ्या ऑपरेटर म्हणून त्या लागल्या आणि बढती घेत वर गेल्या, पण मनाने त्या कायम त्या स्टुलावरच बसलेल्या असायच्या, कानाला यंत्र लावून, दोन अनोळखी गावांच्या मधोमध. त्या काळातली एक शिस्त त्यांनी आम्हालाही लावली. लाइनवर माणूस असेल तर त्याला मुक्या शांततेत सोडायचं नाही. निदान "थांबा हं, बघते" एवढं तरी म्हणायचं. साध्या फोनवरून पैसे पाठवायच्या आमच्या यंत्रणेत पैसे इकडून तिकडे जाईपर्यंत थोडा वेळ लागे. तिथे संगीत वाजवावं, असं आम्हा तरुणांचं मत होतं. ताईंनी तिथे "थांबा हं" घातलं. आम्ही हसलो. पण फोन कानाला लावून डोंगरात उभा असलेला माणूस खरोखरच थांबायचा, आणि संगीत ऐकून तो फोन ठेवून देत असे, हे आमच्या लवकरच लक्षात आलं.

ताईंचं स्वप्न सांगायला सोपं होतं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात फोनला आवाजापुरती रेंज असते, इंटरनेट नसतं. घरोघरी साधे बटणांचे फोन असतात. डिजिटल रुपया म्हणजे नोटच, फक्त कागदाची नाही. मग ती नोट साध्या फोनवरून, नंबर फिरवून, आवाजाच्या वाटेने का जाऊ नये? हे बोलताना ताई खिडकीबाहेर पाहायच्या. बोलता बोलता गप्प व्हायच्या, आणि मीटिंगमधली सगळी मंडळी चहा गार होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायची. कचेरीत ह्याला 'ताईंची समाधी' असं नाव होतं. त्या समाधीतून त्या परत यायच्या तेव्हा बहुतेक वेळा आमचं काम दुप्पट झालेलं असे.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही प्रयोग सुरू केला. तिथे आठवडे बाजार भरतो. पहाटेचं धुकं खाली दरीत पडून असतं आणि वर माळावर माणसं एकेक करून उगवल्यासारखी दिसायला लागतात. ह्या बाजारात सखूबाई मिरच्या आणि सुकट विकायच्या. दसऱ्यानंतर त्यांचे यजमान आणि सून द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरीकडे उतरत. खालची मजुरी वर घरी पोचायची म्हणजे सखूबाईंनी जीप पकडून पेठेला बँकेत जायचं, रांगेत उभं राहायचं आणि दिवस घालवून परत यायचं. तो दिवस बाजाराचा असेल तर धंदाही बुडायचा. पाड्यावरच्या बहुतेक बायकांची हीच कथा. मजुरी फोनवर आली असती तर ही फरफट थांबली असती. पण आलेले पैसे बाजारात चालायला तर हवेत! नाहीतर ते फोनात असले काय आणि चंद्रावर असले काय.

आणि बाजारात ते चालेनात. भातलावणीची मजुरी काही जणांना फोनवर मिळाली होती. ती माणसं सकाळी सकाळी मिरच्या घ्यायला येत, फोन दाखवत, आणि सखूबाई मान हलवत. "मागून ये." मागून कोण येतं? डोंगरातला बाजार उन्हं चढायच्या आत पांगतो. ज्यांनी प्रयोगाला निधी दिला होता, त्यांनी निरोप पाठवला, की दसऱ्यापर्यंत बाजारात चाललं नाही तर गुंडाळा. आम्ही रेंज तपासली, फोन बदलले, समजावणीची भाषणं ठोकली. मी स्वतः एक भाषण ठोकलं, त्याला टाळ्याही पडल्या. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा "मागून ये."

ताई मात्र काहीच न करता सखूबाईंच्या शेजारी गोणपाटावर जाऊन बसल्या. अख्खी सकाळ बसल्या. त्यांची समाधी लागली असं समजून मी वैतागून शेजारीच उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसलो. तेवढ्यात एक म्हातारा आला, त्याने नाणी दिली. सखूबाईंनी ती तराजूला लावली, कपाळाला लावली आणि मग कमरेच्या पिशवीत टाकली.

"भवानी झाली?" ताईंनी विचारलं.

"झाली."

"आता फोनवरचे घ्याल?"

"आता घीन की. पहिलं कसं घेऊ? भवानीचं कपाळाला लावावं लागतं. तुमच्या पैशाला अंगच नाय, बाई. लावू काय?"

दिवसाचा पहिला पैसा हातात आल्याशिवाय आणि कपाळाला लागल्याशिवाय धंद्याला बरकत नाही, हे आपल्याकडे कोणाला माहीत नाही? माझी आईसुद्धा मनमाडच्या भाजीवाल्याकडून सकाळची पहिली भाजी कधी उधारीवर घेत नसे. पण आम्ही सगळे यंत्रात डोकं घालून बसलेले. सखूबाईंचे पहिले गिऱ्हाईक नेमके फोनवाले, आणि नेमक्या पहिल्याच पैशाला फोन चालत नव्हता.

परतीच्या वाटेवर आमच्यातला एक जण म्हणाला, की ही अंधश्रद्धा आहे, प्रबोधन करू. ताई क्वचितच चिडत. तेव्हा चिडल्या. "आपण त्यांना शहाणं करायला नाही आलो. पैशाला अंग द्या."

तोवर पैसे आल्याचा फक्त मेसेज जायचा, तोही बहुतेकींना वाचता यायचा नाही. ताईंनी सांगितलं की पैसे आले की विकणारीचा फोन वाजलाच पाहिजे, हातात थरथरला पाहिजे आणि माणसाने बोलावं तसं तिचं नाव घेऊन बोलला पाहिजे. नावं कोण बोलणार? बाहेरून आवाज घ्यायला आमच्याकडे पैसे नव्हते. ताईंनी कचेरीच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या आणि दुपारभर रेकॉर्डरसमोर एकट्या बसून बाजारातल्या बायकांची नावं उच्चारली. दाराशी मी ऐकत होतो. सखूबाई, जनाबाई, काशीबाई, मंजुळाबाई. लांबच्या गावाला हाक घालावी तशी एकेक हाक. बाहेर उन्हं कलत होती आणि मला वाटत होतं, ह्या सगळ्या आता जिना चढून वर येतील.

पुढच्या बाजाराला आम्ही धुक्यातच पोचलो. ताई सखूबाईंच्या समोर बसल्या. पहिलं गिऱ्हाईक आलं, फोनवालंच. त्याने बटणं दाबली. मी श्वास रोखून उभा. सखूबाईंच्या हातातला फोन थरथरला, वाजला. त्यांनी कानाला लावला आणि डोळे मोठे करून समोर ताईंकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे. पुन्हा ताईंकडे.

"तुझं तोंड तर मिटलेलं हाय! मग ह्याच्यातून कोण म्हनलं सखूबाई, पैसे आले?"

ताई हसल्या. "मीच."

 सखूबाईंनी तो फोन तराजूला लावला, कपाळाला लावला आणि मिरच्या मोजल्या. वर मूठभर जास्तच घातल्या. शेजारच्या जनाबाई तोवर आपला फोन पदराने पुसायला लागल्या होत्या. मी जीपच्या मागे जाऊन रडलो, हे इथे पहिल्यांदाच सांगतो आहे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर माणसं खाली उतरली आणि त्यांची मजुरी आवाजाच्या वाटेने वर आली. प्रयोग गुंडाळला गेला नाही. आता आजूबाजूच्या बाजारांतही तो चालतो, आणि नवी बाई आली की ताई तिचं नाव बोलून पाठवतात.

ताईंनी माझ्यासाठी केलेलं एक सांगतो आणि थांबतो. मोठ्या मंडळींसमोर आमचं प्रात्यक्षिक होतं, आणि त्याच सकाळी मनमाडहून आईला दवाखान्यात नेल्याचा फोन आला. मी सांगायचं टाळत होतो. ताईंनी माझा चेहरा पाहिला, माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि रिक्षा बोलावली. माझं काम त्यांनी स्वतः केलं, आणि ते बरंच चुकलं, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, की आईने पेज घेतली का.

गेल्या हिवाळ्यात ताई आजारी होत्या. त्यातून उठल्या, पण आवाज थोडा बसला, थोडा कापरा झाला. फोनातला आवाज तसाच ठणठणीत आहे. परवा आम्ही पाड्यावर गेलो तेव्हा ताईंनी सखूबाईंना गमतीने विचारलं, "आता फोनातली मी बरी, की ही?"

सखूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "ती तरणी हाय. लय गोड बोलती. पन ती नुसतं पैसे आले म्हनती, बाई. जेवलीस का म्हनून कदी इचारत नाय."

ताई, आम्हालाही हीच हवी आहे. कापऱ्या आवाजाची, मधेच खिडकीबाहेर हरवणारी. प्रकृतीला जपा, शंभरी ओलांडा, आणि आम्ही जिना चढून वर आलो की आधी हेच विचारत राहा.