वामनरावांची पाठ

शगुफ्ता सिस्टरच्या नोकरीत पेढे नव्हते. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या नर्सांना पेढे मिळतात, साड्या मिळतात, पोरीला तुमचंच नाव ठेवू अशी आश्वासनंही मिळतात. हिच्या वाट्याला आले म्हातारे, अन् म्हाताऱ्यांच्या न भरणाऱ्या जखमा. साखरेनं सडलेले पाय, अंथरुणात चिघळलेल्या पाठी. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात तिनं वर्षानुवर्षं हेच केलं. मग वडिलांची, नासिर मिस्त्रींची, तब्येत ढासळली तशी ती दारव्ह्याला परतली आणि स्कुटीवर घरोघरी जाऊन हेच करू लागली. दोन सोयरिकी तेवढ्यावरून मोडल्या. "आखिर पीप निकालनेवाले हाथ," म्हणजे पू काढणारे हात, असं एका मुलाची आई बोलून गेली. शगुफ्तानं तिला तिथंच सांगितलं, "चाची, तुम्हारी बारी आई तो बुला लेना, मैं आऊंगी." सोयरीक गेलीच, चाचीनं चहाही अर्धा टाकला.

गरीब स्वभावाची वगैरे ती मुळीच नव्हती. जखम पेशंटची असली तरी तिला ती 'माझी' म्हणायची. "माह्या जखमेवर हळद कोणी टाकली?" असं दारातूनच ओरडायची, आणि घरातली माणसं एकमेकांकडे बोटं दाखवायची.

बोरी अरबच्या वामनरावांची पाठही अशीच तिची झाली. वामनराव कापूस-तुरीचे मोठे शेतकरी. लकव्यानं उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि खाटेवर उताणं पडून पडून माकडहाडावर मूठ जाईल एवढी जखम झाली. शगुफ्तानं त्यांच्या मुलाला, घनश्यामला, पहिल्याच दिवशी बजावलं, "पाठीवर भार नाही पाहिजे. उजवी बाजू लकव्याची, तिच्यावरबी नाही. डाव्या कुशीवर ठेवा. हे हाडापर्यंत गेलं ना, तर काकाजी हातचे जातीन."

इथंच घोडं पेंड खात होतं. खाट बैठकीत, भिंतीला लागून. डाव्या कुशीवर निजले की वामनरावांचं तोंड भिंतीकडे आणि पाठ पाहुण्यांकडे. आणि पाहुणे तर विचारूच नका! आजाऱ्याला पाहायला जाणं हे आमच्याकडे लग्नाला जाण्याइतकंच पक्कं. न गेलं तर दहा वर्षं बोलणी. येणारा येतो, खुर्ची ओढतो, आजाऱ्याकडे निरखून बघतो, "लय वाळले" असा निकाल देतो, मग आपल्या साडूला अस्संच झालं होतं आणि तो कसा गेला हे सविस्तर सांगतो, चहा पितो अन् जातो. या पुण्यवान माणसांसाठी घनश्याम बापाला उशा लावून बसता करायचा. नेमका त्या जखमेवर.

"मॅडम, घरच्या मोठ्या माणसानं आल्यागेल्याले पाठ दाखवाची का? शोभते का ते?"

"मंग खाट फिरवा. डोकं तिकडं, पाय इकडं."

घनश्यामनं कानाला हात लावले. "पाय दक्षिणेकडं? जित्या माणसाले असं निजवते का कोणी?"

"मंग आतल्या खोलीत न्या."

"कायले? बाप लपवून ठेवला म्हणतीन लोक."

वामनरावांच्या बायको शकुबाई हे सगळं चहाचा ट्रे धरून दारातून ऐकायच्या. बोलायच्या काही नाहीत. वामनरावांना तर कोणी विचारलंच नव्हतं.

शगुफ्ता कुशीवर निजवून जायची, तिची स्कुटी वळणावर गेली की म्हातारा परत उताणा. एकदा ती मुद्दाम अर्ध्या वाटेतून परतली अन् सगळ्यांना रंगेहाथ पकडलं. तोंडाचा असा काही पट्टा सोडला तिनं की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. त्यातच वामनरावांना सणकून ताप भरला. घनश्याम घाबरला आणि काही महिने घर शहाण्यासारखं वागलं. जखम तळातून भरत आली. लाल, ताजं मांस. शगुफ्ता मोबाइलवर तिचे फोटो काढून शकुबाईंना दाखवायची, लोक नातवाचे दाखवतात तसे. "एवढीशी राह्यली, काकू!"

मग साहेबांचा निरोप आला. साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी, आणि घनश्यामला सोसायटीच्या निवडणुकीचं तिकीट पाहिजे होतं. साहेब वामनरावांना 'पाहायला' येणार! शगुफ्ता त्या दिवशी दुसऱ्या गावी होती. घनश्यामनं सकाळीच बापाला धुतलेली टोपी घातली, लाकडी खुर्चीत बसवलं, घसरू नये म्हणून दुपट्ट्यानं बांधलं. दुपार झाली, दिवस कलला. साहेबांची गाडी हॉर्न वाजवत फाट्यावरूनच निघून गेली.

दुसऱ्या सकाळी शगुफ्तानं पट्टी उघडली. भरत आलेली जखम पुन्हा फाटून पहिल्यापेक्षा खोल गेली होती, तळाशी हाडाचं पांढरं दिसत होतं. एवढी भांडकुदळ बाई, पण खाटेच्या पायाशी बसून हमसून रडली. रागानं रडली, आणि आपण काल इथं नव्हतो म्हणूनही रडली.

तेवढ्यात गावचे सदाशिवराव दारात हजर. आजाऱ्याला पाहायला. घनश्याम लगबगीनं उठला, "बाबाले बसतं करू द्या, मॅडम."

"हात नको लावू," शकुबाई म्हणाल्या. ट्रे त्यांनी खाली ठेवला. खाट भिंतीपासून ओढली, त्या फटीत पाटावर बसल्या, आणि नवऱ्याचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं. वामनरावांनी सुस्कारा सोडला.

सदाशिवराव तिथंच थबकले. "वहिनी, आमाले पाठ? हे बरं नाही वाटत."

"भाऊजी, तुम्ही आजार पाहाले आलते ना?" शकुबाईंनी खाटेवरून हात पलीकडे नेऊन नवऱ्याच्या पाठीवरचं पांघरूण बाजूला केलं. "मंग आजार इथंच हाय. तोंडावर काई नाई झालं त्यायच्या. बसा, पाहा."

सदाशिवरावांनी पाहिलं आणि चपला पायात धड न घालताच अंगणात उतरले. वामनराव भिंतीकडे तोंड करून खुसखुसले, लकव्यानंतर पहिल्यांदाच. घनश्याम मात्र जागीच उभा राहून त्या पाठीकडे बघत होता. इतके महिने तो बापाला उठवत होता, बसवत होता, लोकांना दाखवत होता. ती जखम त्यानं स्वतः कधी पाहिलीच नव्हती.

"पाहून झालं असन तर हात धुऊन या," शगुफ्ता डोळे पुसत म्हणाली. "आता तुम्हीच धरा कुशीवर."