आक्काताईंची लाल चिंधी

आक्काताईंचा मला लय राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. वाईच्या खाली कृष्णेवर मी आठ वर्षं नवशिक्यांना कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची होडी, शिकवतो. काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आक्काताई सामान देतात. पण त्यांच्या तावडीतनं माणूस पाण्यात उतरेल तर शपथ! "ही जीन्स काढ, भिजली की धोंडा हुती. ओढणी हितंच ठेव. चप्पल नगं, मागं पट्टा असलेलं सँडल घाल." मग लाइफ जॅकेट. ते चढवलं की त्याचे दोन्ही खांदे धरून वर वढायच्या. कानापर्यंत आलं की काढायचं, दुसरं घालायचं. शेवटी मांड्यांमधून पुढं घ्यायचा पट्टा. पट्टा मोकळा लोंबत असला तर काठावरनं दिसावा म्हणून प्रत्येक जॅकेटच्या पट्ट्याच्या टोकाला त्यांनी लाल चिंधी शिवलेली. तो त्या सगळ्यांसमोर स्वतः बांधायच्या. बायका लाजून चूर व्हायच्या.

"होडीत बसवताय का बोहल्यावर चढवताय?" मी वैतागायचो.

"तुमी आदी सोताचा बांधा, हंबीरराव," त्या म्हणायच्या. मला कशाला? मी कृष्णेतच वाढलेला गडी.

त्या दिवशी साताऱ्याहून भार्गवी आली होती. नवी सून, काठावर सासरे उभे. उशीर झालेला, आणि आक्काताई आत कुणासाठी तरी सँडल शोधत बसलेल्या. भार्गवी पुटपुटली, "सर, तो खालचा पट्टा राहू दे ना. मामंजी बघताहेत."

"राहू दे. चला, चला!" मी म्हणालो.

पहिल्याच खळाळात तिची होडी उलटली आणि ती खालच्या डोहात गेली. जॅकेट वर तरंगलं, भार्गवी त्यातनं खाली सरकली. दोन हात तेवढे बाहेर, तोंड जॅकेटच्या आत. वल्हं मारत पोचलो, जॅकेट धरून हिसडा दिला, आणि ते रिकामंच हातात आलं. आई शप्पथ, रिकामं!

"आवं जॅकेट काय धरताय? तिला धरा!" आक्काताई ओरडल्या. शेडच्या दारातनं त्यांना लोंबती चिंधी दिसली होती, तेव्हाच त्या धावत सुटल्या होत्या. साडीसकट छातीभर पाण्यात शिरल्या, चाचपडल्या. वेणी हाताला लागली. दोघांनी वढून तिला काठावर घेतली. पोरगी निपचित. आक्काताईंनी तिला कुशीवर वळवून पाठीत थापट्या मारल्या. ती खोकली, तशी सासऱ्यांनी तिच्यावर आपलं उपरणं टाकलं.

आक्काताईंनी पदर पिळला. "म्हापुरात मला बोटीत घेतलं, तवा बोटीवरची पोरं हाच पट्टा बांधाय आली हुती. मी हात झटकला. लाज वाटली. पडले तर जॅकेट वर नि मी खाली. अंबाड्याला धरून काढलं मला."

हे त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. आणि मी भार्गवीवरच डाफरलो. स्वभावच तसला. "तुला कळत न्हाई व्हय गं? पट्टा नको म्हणं!"

ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही तरी कुठं बांधलाय?"

मी मागं हात नेला. ओली चिंधी हाताला लागली. आठ वर्षं ती तशीच लोंबत होती, आणि प्रत्येक नवशिका माझ्याच मागं पाण्यात उतरला होता.